दाजींना मी दिलेली बढती

गेल्या जुलैतल्या एका सोमवारी सकाळी अकराच्या सुमारास देगलूरमध्ये माझ्या भाचीच्या उत्पन्नाच्या दाखल्याचं काम अडलं. अडण्याचं कारण घराच्या भिंतीवर टांगलेलं होतं. ते मी लिहिलेलं होतं.

भाची वैष्णवीला लातूरच्या एका कॉलेजात इंजिनिअरिंगची जागा मिळाली होती. घरचं उत्पन्न मर्यादेच्या आत असल्याचा दाखला शुक्रवारपर्यंत दिला तर फी माफ. नाही दिला तर जागा सोडायची, कारण पूर्ण फी झेपणारी नव्हती. तिचे वडील, म्हणजे माझे दाजी, मस्कतला पाण्याचा टँकर चालवतात. पगार तिकडं, दाखला इकडं. मी नांदेडच्या एका दैनिकात वीस वर्षं बातमीदार आहे, म्हणून बहिणीनं हे काम माझ्यावर सोपवलं. ("दादाला सगळे साहेब वळखतेत!" एकही ओळखत नव्हता.)

सुरुवात सेतू केंद्रात झाली.

"वडिलांचं उत्पन्न कुठलं?" काउंटरवरच्या बाईंनी विचारलं.

"मस्कत. ओमान."

"तालुका?"

"अहो, तो देश आहे."

"ते कळलं. पण तालुका टाकल्याबिगर फॉर्म म्होरं सरकत न्हाई."

ओमानचा तालुका देगलूर, अशी नोंद झाली.

मग दाजींचं पगारपत्र आलं. अरबीत! बहीण ते घेऊन गल्लीतल्या उर्दूच्या सरांकडं गेली. सरांनी ते वरपासून शिक्क्यापर्यंत खणखणीत आवाजात वाचलं.

"म्हंजे काय लिवलंय, सर?"

"पढ़ने आता, बाजी. माने नै मालूम."

दाजींनी दोन दिवसांनी इंग्रजी पत्र मिळवलं. पगार मर्यादेत बसत होता. उरली फक्त तलाठ्यांची चौकशी, आणि ती सोमवारी बहिणीच्या घरी, दोन पंचांसमोर झाली. बहिणीनं त्यांना मानानं बैठकीतल्या मुख्य खुर्चीवर बसवलं आणि चहा दिला. समोरच्या भिंतीवर चौकट होती. चौकटीत बातमीचं कात्रण होतं. तलाठ्यांनी चष्मा चढवून मोठ्यानं वाचलं:

"देगलूरच्या सुपुत्राची सातासमुद्रापार भरारी! मस्कत येथील नामांकित कंपनीचे व्यवस्थापक..."

बशीतला चहा बशीतच राहिला.

खुलासा करतो. तीन वर्षांपूर्वी दाजी सुट्टीवर आले, तेव्हा गल्लीनं शाल, फेटा देऊन त्यांचा सत्कार केला. आमच्याकडं परदेशातून आलेला माणूस सत्काराशिवाय परत जात नाही आणि नावाआधी पद नसलेल्या माणसाचा सत्कार बातमीत शोभत नाही. दाजी टँकर चालवतात हे मला पूर्ण ठाऊक होतं. तरी बहिणीच्या सासरचा मान म्हणून मी त्यांना एका ओळीत व्यवस्थापक केलं. (कंपनीला कळवलं नाही.)

"म्यानेजरचा पगार एवढुसाच?" तलाठी म्हणाले.

"साहेब, ते खोटं हाय!" बहीण म्हणाली. "दादानं लिवलंय."

"पेपरात खोटं येतंय का?" त्यांनी माझ्याकडं पाहिलं.

वीस वर्षांत हा प्रश्न मला पहिल्यांदाच सरकारी माणसानं, पंचांसमक्ष विचारला. दोन पंच, बहीण, वैष्णवी, सगळे माझ्याकडं बघत होते. वैष्णवीच्या हातात प्रवेशाचं पत्र होतं.

"येतं," मी म्हणालो.

"मंग पेपरात आलेलं पेपरातच दुरुस्त करा. उद्या कोणी हेच कात्रण घेऊन माझी तक्रार केली तर? आन् मूळ कात्रण बी लागंल."

संध्याकाळी दाजींना व्हिडिओ कॉल लावला. ते टँकरमध्येच बसलेले होते.

"पाव्हणं, अख्ख्या देगलुरात मी म्यानेजर हाय. सोयरे मला साहेब म्हणून राहिले. आता डायवर छापता व्हय?"

वैष्णवीनं फोन घेतला. "पप्पा, शुक्रवार शेवटचा हाय."

दाजींनी स्टिअरिंगवरचा हात काढला, खिडकीबाहेर पाहिलं. मागं कुणीतरी हॉर्न वाजवत होतं.

"छापा," ते म्हणाले. "पण फोटो तोच टाका. फेट्यातला."

संपादकांनी मंगळवारी विचारलं, "तीन वर्षांनी दुरुस्ती? चूक लक्षात कधी आली?"

"लिहितानाच."



बुधवारी पान चारवर दुरुस्ती आली, फेट्यातल्या फोटोसह: 'सदर गृहस्थ व्यवस्थापक नसून टँकरचालक आहेत. बातमीदाराच्या चुकीबद्दल दिलगीर आहोत.' सकाळी सातपर्यंत बहिणीला सोयऱ्यांचे नऊ फोन आले. दहावा दाजींचा होता. त्यांना फोटो चांगला छापलाय का, एवढंच विचारायचं होतं.

मूळ कात्रण चौकटीतून काढायला गेलो, तर ते काचेला घट्ट चिकटलेलं. चाकू झाला, वाफ झाली, बहीण माझ्यावर दोनदा ओरडून झाली. शेवटी चौकट आहे तशी तलाठी कार्यालयात नेली.

गुरुवारी दाखला मिळाला. शुक्रवारी दुपारी तीन वाजता लातूरला तो जमा झाला. वैष्णवीची फी माफ झाली.

तलाठ्यांनी अहवालाला जोडलेल्या कागदांची यादी स्वतःच्या अक्षरात केली आहे. एक: पगारपत्र. दोन: पंचनामा. तीन: दुरुस्तीचं कात्रण. चार: मामाची चूक, मूळ प्रत, काचेसह.