लाल धाग्याचा बांबू

गोरिवल्यांच्या भागोजीच्या हातच्या काठ्या हिमाचलात गेल्या, काश्मिरात गेल्या, एक तर म्हणे न्यूझीलंडलाही जाऊन आली. भागोजी स्वतः मात्र संगमेश्वरच्या बाजारापलीकडे क्वचित जातो, आणि गेला की मासे विकत घेऊन येतो. या एका गोष्टीवर वरच्या वाडीनं आजवर पोटभर हसून घेतलंय.

काठी म्हणजे गळाची काठी. पण आपली पोरं ओढ्या-पऱ्ह्यावर घेऊन बसतात ती नव्हे. भागोजी चांगला पिकलेला बांबू उभा चिरून त्याच्या कामट्या काढतो, लोखंडी साच्यात धरून एकेक कामटी रंध्यानं तिकोनी तासतो, आणि अशा सहा कामट्या एकमेकींना चिकटवून त्यांची परत एक काठी करतो. शेंड्याला ती आगपेटीच्या काडीएवढी बारीक होते, पण वाकवली तर धनुष्यासारखी वाकते आणि सोडली की सरळ.

"म्हणजे अख्खा बांबू फोडायचा, नि महिनाभर घासून परत बांबूच करायचा," वाडीतल्याच धोंडूनं एकदा देवळाच्या पायरीवर सगळ्यांना समजावलं होतं. "सरकारी काम हाय ते."

या काठीला आमिष म्हणून गांडूळ चालत नाही, पिसांची खोटी माशी लागते. डोंगरातल्या थंड पाण्यावर ती नाचवायची. मासा फसला की त्याला हातात घेऊन फोटो काढायचा आणि हळूच परत पाण्यात सोडायचा. हे पहिल्यांदा कळलं तेव्हा भागोजीची बायको राही तांदूळ निवडायची थांबली होती.

"मग जेवतात काय?"

"फोटो," कुंपणापलीकडून धोंडू म्हणाला.

ही विद्या भागोजीनं मुंबईत उचलली. तरुणपणी तो खेळाच्या सामानाच्या एका दुकानात मागच्या खोलीत रॅकेटी विणायचा. तिथल्या म्हाताऱ्या कारागिराकडे साहेबांच्या जुन्या काठ्या दुरुस्तीला यायच्या. दुकान बंद पडलं तेव्हा म्हाताऱ्यानं त्याला आपला साचा देऊन टाकला. तो गोणपाटात गुंडाळून भागोजी गावी आला. वाडीला वाटलं, बंदुकीची नळी आणली.

अर्धी कारागिरी मात्र राहीची. काठीवर जागोजाग बारीक कड्या बसवतात, त्यातून दोरी धावते. त्या कड्या रेशमी धाग्यानं आवळायच्या, वेढ्याला वेढा चिकटवून, आणि गाठ मारायची नाही. धाग्याचं टोक शेवटच्या वेढ्यांखालून असं ओढून घ्यायचं की सुरुवात दिसू नये आणि शेवटही. वरून लाखेचा हात. भागोजीची बोटं रंध्याची, जाड. त्याला ते कधी जमलं नाही. राही पडवीत उजेडाला बसायची, काठी मांडीवर फिरवत. पुन्हा तिचं तोंड चालू असायचं ते वेगळं.

मूल नव्हतं. त्यावरही वाडीचं बोलून झालं होतं.

आता बांबूचं सांगायला हवं. पूर्वी वाडीत घराघरामागे बांबूचं बेट असे. मग काजूची कलमं आली, रस्ता रुंद झाला, कोणी बेटं काढून घर वाढवलं. शेवटी एकच बेट उरलं, भागोजीचं. काठीसाठी त्याला तेच लागायचं, म्हणून त्यानं जपलं. आणि वाडीला बांबू एका कामाला हमखास लागतो. माणूस गेलं की.

मयताचा बांबू मागायचा नसतो. कोयता घ्यायचा, जवळच्या बेटात शिरायचं आणि तोडायचा. मालकानं बाहेर यायचं नाही, कुठला तोडला ते बघायचं नाही. हा कुठं लिहिलेला कायदा नाही, पण कोणी कधी मोडलाही नव्हता. तिरडी बांधायचं काम वाडीत धोंडूचं. त्याच्या बापाचंही तेच होतं. धोंडू सहज हात घालायचा आणि बेटातला सगळ्यात सरळ, सगळ्यात पिकलेला बांबू नेमका तोडायचा. माणसाला खांद्यावरून न्यायचं म्हणजे तसाच हवा.

भागोजीलाही तसाच हवा असायचा. तीन-चार वर्षं नजर ठेवावी, लांब पेरांचा, एका अंगाला न झुकलेला एखादा बांबू मनात धरावा, आणि वाडीतलं कोणीतरी म्हातारं नेमकं त्याच आठवड्यात डोळे मिटायचं. एका वर्षात तर असे त्याचे दोन-तीन चांगले बांबू स्मशानात गेले. तोंडानं तो काही बोलला नाही. पण कोणाच्या घरी खोकल्याचा आवाज वाढला की तो बेटाकडे चक्कर मारतो, असं येसूबाईनं बघितलं होतं. येसूबाई म्हणजे शेजारीण. तिच्या नजरेतून काही सुटत नाही.

मग त्यानं एक युक्ती केली. बेटातला एक बांबू असा आला होता की त्याला बघत भागोजी सकाळचा चहा प्यायचा. राहीला म्हणाला, याला खूण करून दे. राहीनं काठीवर घालते तसेच लाल रेशमाचे वेढे त्या उभ्या बांबूवर छातीच्या उंचीला घातले, टोक आत ओढलं, वर लाख लावली.

"कोनी सोडवायला गेला तर?" भागोजीनं विचारलं.

"सोडवायला टोक तर सापडायला पायजे," राही म्हणाली.

त्या वर्षी काजू मोहरले असताना धोंडूची आई, गोदूबाई गेली. धोंडूच्या घरातलंच मयत, म्हणून कोयता घेऊन दुसरे दोघे आले. भागोजी मागच्या दारात उभा होता. खरं तर तिथं उभं राहायचं नसतं. कोयता त्या लाल धाग्याच्या बांबूवर पडणार एवढ्यात त्याच्या तोंडून गेलं, "तो नको. त्याला खूण हाय. तो पलीकडचा घ्या."

पलीकडचा हिरवागार होता, सरळही होता, पण आदल्या पावसाळ्यातला. कोवळा. ते त्या दोघांना कळलं नाही. भागोजीला कळत होतं.

स्मशानाकडच्या घाटीच्या उतरणीवर बांबू पिचला. मोठा आवाज झाला नाही, ओली फांदी मोडावी तसा. तिरडी एका अंगाला गेली आणि गोदूबाई सरकली. तिचा एक पाय चादरीतून बाहेर येऊन मातीला लागला. धोंडूनं हातातलं मडकं दुसऱ्याकडे दिलं आणि आईला खालून दोन्ही हातांवर झेलली, लहान मूल धरावं तशी. कोणाच्या तरी टॉवेलनं बांबू आवळला आणि कसंबसं खाली नेलं.

परत येताना एकजण एवढंच म्हणाला, "बांबूतलं त्याला कळतं."

वाळीत वगैरे टाकलं नाही हो कोणी. आता त्याला कायदा आहे, आणि वाडीला कायदा चांगला ठाऊक आहे. फक्त शिमग्यात पालखी दारात आली ती नाचवली नाही. राहीनं ओटी भरली, नारळ दिला आणि पालखी पुढं गेली. गणपतीत आरतीला आले ते प्रसाद घेऊन उभ्या उभ्याच निघाले. काठीवरचे विनोदही बंद झाले. धोंडू कुंपणाजवळून जाई, पण काही बोलत नसे. भागोजीला सगळ्यात जास्त ते लागलं. शिव्या दिल्या असत्या तर निदान उत्तर देता आलं असतं.

आणि तो लाल धाग्याचा बांबू तसाच उभा राहिला. गोदूबाईला नाकारलेला. तो काठीसाठी तोडायला भागोजी कोयता घेऊन जायचा, हात लावायचा आणि परत यायचा. लालाचा हळूहळू विटकरी रंग झाला, पण धागा सुटला नाही.

पुढच्या पावसाळ्यात राहीच्या पोटात दुखायला लागलं. आधी पित्त म्हणून ओवा झाला, मग रत्नागिरीला तपासण्या झाल्या. डॉक्टरांनी गाठ सांगितली आणि पसरलीय तेही सांगितलं. मुंबईला न्या म्हणाले, पण नेऊन बरी होईल असं म्हणाले नाहीत. राहीनं गाडीतच सांगून टाकलं, "मला घरीच ठेवा."

त्या दिवसांत रत्नागिरीच्या उन्मेषची काठी हातात होती. आंबेवाल्यांचा मुलगा, वर्षातून एकदा मासे धरायला आणि सोडायला हिमाचलात जाणारा. काठी तासून, चिकटवून तयार झाली होती, कड्या तेवढ्या राहिल्या होत्या. राही पडल्या पडल्या दोन कड्या आवळू शकली. तिसरीला बोटांतला धागा ढिला पडला.

"राहू दे," भागोजी म्हणाला.

"राहतंयच आता," ती म्हणाली. मग आढ्याकडे बघत, "अवो, धोंडूभावजींकडे जाऊन या."

"कशाला?"

"कशाला ते तुमाला ठाऊक हाय. मला वाडीच्या खांद्यावरनं जायचंय. टेंपोतनं नको. शेजारच्या गावातली मानसं आनून नको. या घरात मी पायांनी आले ती सगळ्यांच्या देखत आले, जायचं ते पन सगळ्यांच्या देखत."

भागोजी गेला. धोंडू अंगणात कोयत्याला धार लावत बसला होता. त्यानं वर बघितलं आणि पुन्हा धार लावू लागला. भागोजी पायरीवर टेकला. तोंडात माफीचा शब्द घोळवत आला होता, पण आयुष्यात कधी वापरला नव्हता, तो काही बाहेर येईना.

"राही आजारी हाय," तो म्हणाला.

"कळलं."

"दिवस फार नायत."

धोंडू कोयता उजेडात धरून बघत होता. "मग? माप देऊन ठेवायला आलास काय? कुठला तोडायचा नि कुठला नाय, यादी हाय?"

भागोजी उठला. दारापर्यंत गेला. तिथून वळून म्हणाला, "त्या दिवशी मला ठाऊक व्हतं. कोवळा हाय ते."

"आमाला पन ठाऊक हाय, तुला ठाऊक व्हतं ते," धोंडू म्हणाला. आणि त्यानं कोयता परत दगडावर टेकवला.

घरी आल्यावर राहीनं विचारलं, "काय बोलले?"

"येतो बोलला."

राहीनं त्याच्याकडे बघितलं. लग्नापासून तिला त्याचं खोटं कळत आलं होतं. तिनं नुसती मान हलवली आणि कूस बदलली.

मार्गशीर्षात, भात झोडून पेंढा रचून झाल्यावर, एका सकाळी ती गेली. भागोजीनं कुंपणाशी जाऊन येसूबाईला सांगितलं. बायका लगेच आल्या. बायकांचं असं असतं, त्या भांडण बाजूला ठेवून येतात. पाणी तापलं, अंघोळ घातली, हिरवी साडी नेसवली, कुंकू भरलं. पुरुषही आले. अंगणाच्या कडेला, उन्हात, हात मागं बांधून उभे राहिले. कोयता कोणाच्याच हातात नव्हता. धोंडू नव्हता.

ऊन पडवीच्या आत आलं. कोणीतरी हळूच टेंपोचं नाव काढलं. कोणीतरी मोबाईल काढून नंबर शोधू लागला. भागोजी राहीच्या उशाशी बसून होता. त्याला तो नंबर शोधणारा अंगठा दिसत होता, आणि नको म्हणायला तोंड नव्हतं. तिला दिलेला शब्द त्यानं धोंडूच्या नावावर दिला होता.

तेवढ्यात धोंडू आला. खांद्यावर सुंभाची वेटोळी, हातात कोयता. कोणाकडे न बघता तो घराला वळसा घालून मागं गेला. बेटातून कोयत्याचे घाव ऐकू आले. या खेपेला भागोजी मागच्या दारात गेला नाही. भिंतीकडे तोंड करून बसला.

तिरडी बांधली, पेंढा घातला, राहीला ठेवली. भागोजी मडकं घेऊन पुढं निघाला. पुढं चालणाऱ्यानं मागं वळून बघायचं नसतं. त्याला फक्त मागची पावलं ऐकू येत होती. घाटी लागली तशी ती पावलं हळू झाली. भागोजीचे कान बांबूवर होते. बांबू कुरकुरलासुद्धा नाही.

उतरणीच्या मध्यावर विसाव्याची जागा आहे. तिथं तिरडी खाली ठेवतात, खांदे बदलतात. तिरडी ठेवली आणि भागोजी वळला. राहीच्या उजव्या खांद्यापाशी, बांबूवर, विटकरी पडलेले रेशमाचे वेढे होते. एकही सुटला नव्हता. धोंडूनं सोडवायला बघितलं असेल तर टोक सापडलं नसेल.

धोंडू सुंभाची गाठ पुन्हा आवळत होता. त्यानं मान वर केली नाही.

"पिकलेला बघून घेतलाय," तो म्हणाला. "मोडायचा नाय."

"बरं," भागोजी म्हणाला.

खाली स्मशानात धोंडूनं तिरडी मोडली आणि बांबूही चितेवर ठेवले. ओले होते, पेरं उशिरा फुटली, एकेक करून. माणसं परत फिरली होती. भागोजी शेवटचं पेर फुटेपर्यंत थांबला. धोंडूही थांबला, जरा लांब, पाठ करून.

धोंडू आता कुंपणाजवळून जातो तेव्हा "काय रे" म्हणतो. काठीवर विनोद मात्र करत नाही, आणि भागोजी तेवढ्याचीच वाट बघतोय.

महिन्याभरानं उन्मेष गाडी घेऊन आला. काठी पडवीत आढ्याला टांगलेली होती, दोन कड्या आवळलेल्या, तिसरीला ढिला धागा लोंबतोय. बाकीच्या कड्या बिस्किटाच्या डब्यात. भागोजीनं काठी आणि डबा त्याच्या पुढ्यात ठेवला.

"एवढं तुमी कुठं बांधून घ्या. माझ्या हातनं होत नाय."

उन्मेष काठी हातात घेऊन हलवून बघत राहिला. मग बेटाकडे नजर गेली. "काका, पुढच्या काठीला एक मस्त बांबू राखून ठेवलाय म्हणाला होतात ना? लाल धागा बांधलेला. मला फोटो पाठवला होता काकूंनी."

"व्हता. गेला कामाला."

"कोणाच्या काठीला?"

भागोजी चहा टाकायला आत गेला. कुंपणापलीकडून येसूबाई सगळं ऐकत होती. तीही आत गेली.