आबांचा बेलभंडार

आमच्या गावात श्रावणभर देवीच्या देवळात पोथी लागते. पांडवांची. एक जण ओवी वाचतो, दुसरा अर्थ सांगतो, आणि अर्थ सांगणाऱ्याला मधी तोडायचं नाही असा दंडक आहे. गावचा कितीही मोठा माणूस असो, अध्याय संपेपर्यंत तोंड मिटून बसायचं. हा अर्थ वर्षानुवर्षं माझे वडील सांगायचे. आबांचा गळा असा, की बाया डोळ्याला पदर लावायच्या. पितामहाच्या प्रतिज्ञेचा अध्याय आला की विचारूच नका. "सोतासाठी लढतो त्यो नुसता लढवय्या," आबा म्हणायचे, "आन् बापासाठी सोडतो त्यो खरा क्षत्रिय." मी पुढंच बसायची. मला ते सगळं खरं वाटायचं.

मला पोलिसात जायचं होतं. पहाटे येरमाळ्याच्या रस्त्यानं पळायची. ट्रकवाले हॉर्न मारून दात काढायचे, काढा म्हणलं. गोळा नव्हता तर दगड फेकला. माझ्या मागं धाकटा भाऊ पळायचा, म्हणजे फाट्यापर्यंत पळायचा आणि टपरीवर चहा पीत माझी वाट बघायचा. भरतीचा अर्ज दोघांनी भरला. वयात बसायचं माझं ते शेवटचं वर्ष. त्याच्यापुढं अजून बरीच पडली होती. हे मी आबांना चुलीपुढं बसून, बोटावर मोजून सांगितलं होतं. आई तिथंच भाकरी थापत होती.

ग्राउंडच्या, म्हणजे मैदानी चाचणीच्या, आदल्या दिवशी आबांनी मला देवघरापुढं बसवलं. तुळजापूरच्या भंडाऱ्याची डबी उघडली. माझ्या तळहातावर बेलाचं पान ठेवलं, वर चिमूटभर भंडारा टाकला.

"आधी त्याला वर्दी मिळू दे. तवर तू मैदानात उतरायचं न्हाय. उचल."

"आबा, पोरींच्या जागा येगळ्या असत्यात. त्याचं काय जातंय?"

"बहीण वर्दीत आन् भाऊ घरात? लोक थुंकतील त्याच्या तोंडावर. माझ्याबी. पितामहानं राज्य सोडलं, तुला एक मैदान सोडवंना व्हय?"

मी मूठ मिटून उचलला. आमच्याकडं बेलभंडार उचलला म्हणजे शपथ झाली, संपलं. कोर्टात खोटं बोलणारी माणसंही भंडाऱ्यावर बोलत नाहीत. आई भिंतीला टेकून सगळं बघत उभी होती.

दुसऱ्या दिवशी भावाची पिशवी सांभाळायला मलाच पाठवलं. गडी अर्ध्यात पोट धरून खाली बसला. "कळ आली गं ताई," म्हणाला. अरे मुडद्या! मग पोरींची बॅच सुटली. सगळ्यांत पुढची पोरगी अनवाणी पळत होती, आणि तिलासुद्धा मी मागं टाकलं असतं. पिशवी पोटाशी धरून मी शेवटपर्यंत बघत उभी राहिले.

भावानं परत कधी ग्राउंड बघितलं नाही. आता फाट्यावर मोबाईलची कव्हरं विकतो, पोट सुटलंय. वर्दी मलाही मिळाली म्हणा. धाराशिवात एका खाजगी दवाखान्याच्या दारावर उभी राहते, पेशंटच्या नातेवाइकांना रांगेत लावते.

आणि आबा? "माझ्या लेकीनं पितामहासारखं सोडलं" म्हणून गावभर मिरवत सुटले. कुणी माझ्या वयाचं काढलं की हात जोडायचे. "मला अडाण्याला काय ठावं तिचं वय सरतंय ते? पोरगी बोलली असती तर म्या आडवा आलो असतो व्हय?" पोथीचा अर्थ सांगणारा अडाणी! ऐकून माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

गेल्या श्रावणात आबांचा गळा बसला. नेमका तोच अध्याय तोंडावर. आबांनी स्वतःच गावाला सांगितलं, "ह्याचा अर्थ माझी लेकच सांगंल, तिनं जगलाय त्यो." पांढरं स्वच्छ धोतर नेसून माझ्या समोर बसले, मान ताठ करून. वाचायला गावचे रिटायर मास्तर होते. त्यांनी ओवी म्हटली आणि माझ्याकडं बघितलं.

मी म्हणाले, "राजा म्हातारा झाला होता, त्याला कोळ्याची तरणी पोर हवी होती. हौस बापाची, जन्म जाळला पोरानं. सोडणाऱ्याची आपण आरती करतो, मागणाऱ्याला कुणी काय विचारत नाही. आणि त्या प्रतिज्ञेनं भलं कुणाचं झालं? भर सभेत सुनेचं वस्त्र ओढलं तवा हाच पितामह खाली मान घालून बसला. ह्याला धर्म म्हणायचं असंल तर म्हणा बापड्यांनो."

आबांनी हात वर केला. "अगं, हे कुठं लिव्हलंय..."

"आबा, मधी बोलू नका," मास्तर म्हणाले. "दंडक आहे."

आबांनी हात खाली घेतला. कान लालबुंद झाले होते. मला लई गोड वाटलं, खोटं कशाला बोलू?

अध्याय संपला की अर्थ सांगणाऱ्यानंच सगळ्यांना बेल-भंडाऱ्याचा प्रसाद द्यायचा असतो. पहिला मान आबांचा. त्यांच्या तळहातावर मी पान ठेवलं, वर भंडारा टाकला आणि तिथंच उभी राहिले.

"उचला आबा. समद्यांपुढं सांगा, माझं शेवटचं वरीस हाय हे तुमाला ठावं नव्हतं."

आबांनी बायांच्या बाजूला बघितलं, आईकडं. नेहमी त्यांना सांभाळून घेणारी तीच.

"उचला की," आई म्हणाली.

आबांची मूठ काही मिटेना. हात खाली गेला, भंडारा पांढऱ्या धोतरावर सांडला. मी शेजारच्या माणसाला प्रसाद द्यायला पुढं सरकले.