शोभावहिनीचा उजवा कान

दादाने फोनवर बातमी सांगितली तेव्हा आधी इअरफोनचं नाव घेतलं, मग शोभावहिनीचं. "कानमा ते इअरफोन घालीसन चालनी व्हती... पिकअपनी उडाई दिधी तिले." ड्रायव्हरने म्हणे तीनदा हॉर्न दिला, हिला ऐकूच गेला नाही. मी नंदुरबारच्या एका शाळेत प्रयोगशाळा सांभाळते. हातात परीक्षानळ्या धुवायचा ब्रश होता, तो घेऊनच मी दवाखान्यात पोचले. ती गेलेलीच होती. आणि तिथे जमलेल्या प्रत्येकाच्या तोंडी तेच... इअरफोन, इअरफोन. बाईला जाऊन दोन तास झाले नव्हते आणि तिच्या मरणाचा निकाल लागला होता. चूक तिचीच!

दीड महिना झाला. राग कमी होईल असं सगळे सांगत होते. झालेला नाही, आणि तो कमी व्हावा अशी माझीही इच्छा नाही.

शोभा माझ्या दादाची बायको. रनाळ्याच्या आमच्या घरात ती बावीस वर्षं राबली. मिरचीच्या दिवसांत ती नंदुरबारजवळच्या पथारीवर जायची. पथारी म्हणजे उघडं मैदान, नजर पोचेल तिथवर लाल मिरची वाळत घातलेली. तिथे बायका मिरच्या उलथायच्या, देठ खुडायच्या, दिवसभर शिंकायच्या. नाशिकला नर्सिंग शिकणाऱ्या पूनमने, तिच्या एकुलत्या एका लेकीने, दोन दिवाळ्यांपूर्वी आईला ते वायरचे इअरफोन आणून दिले. पुढच्याच महिन्यात वहिनी एका रविवारी माझ्या दारात उभी, डावा कान मिरचीहून लाल आणि डोळ्यांतून धारा. आवाज बारीक झाला म्हणून बाईसाहेबांनी इअरफोन पथारीवरच पदराने खसाखसा पुसले होते. पदर मिरचीच्या धुळीने माखलेला, बोटं तशीच, आणि पुसून झाल्यावर ते पुन्हा कानात! वर तोंडाने फुंकरही घातली होती. मी तिला खोबरेल लावलं आणि पोटभर झापलं. ती हसत होती, रडत होती, दोन्ही एकदम. "ताई, आते तूच कर हाई काम," म्हणाली. तेव्हापासून महिन्यातून एकदा तिचे इअरफोन माझ्या ओट्यावर यायचे.

भिंग पुसायची माझी सवय, त्यामुळे हे काम मला जमायचं. रबरं काढून साबणाच्या कोमट पाण्यात टाकायची, धुऊन फडक्यावर पूर्ण वाळू द्यायची. जाळीला मात्र पाणी लावायचं नाही. इअरफोन उलटा धरायचा, जाळीचं तोंड खाली, आणि कोरड्या मऊ ब्रशने हलके हलके झटकायचं, म्हणजे घाण आत न जाता खाली पडते. टाचणी तर अजिबात नाही. वहिनी समोर चहा पीत बसायची आणि म्हणायची, "नवरीले सजाडी ऱ्हायनी का, ताई?"

तिसऱ्या-चौथ्या वेळी माझ्या लक्षात आलं. डाव्या इअरफोनच्या जाळीत कानातला मळ आणि मिरचीची धूळ यांचा चिकट तांबूस लगदा असायचा, तो काढताना नाकीनऊ यायचे. उजव्यात नुसती कोरडी धूळ. एक टिचकी मारली की सगळी खाली. मळाचा कणसुद्धा नाही, रबरही नव्यासारखं. मी विचारलं, "तुझा एकच कान मळतो का गं?" ती ओशाळली. उजवा ती कधी घालतच नव्हती. तो गळ्यावर लोंबत असायचा.

त्याचं कारण माझे वडील. नाना चार वर्षं अंथरुणावर होते. वाचा गेलेली, पण काही हवं असलं की स्टीलचा पेला पलंगाच्या नळीवर आपटायचे. आधी साधा मोबाईल कानाला लावतानाही वहिनी डावीकडेच लावायची. स्वयंपाक करताना, भांडी घासताना, गोठ्यात, कुठेही असली तरी उजवा कान नानांच्या पेल्याकडे. इअरफोन आले तेव्हा नानांना जाऊन काही महिने झाले होते, तरी उजवा मोकळाच. मी म्हटलं, "आता कोणासाठी?" ती म्हणाली, "उजवा कानमा घालं ते घरनं दार लाई लिधं आसं वाटस, ताई."

मला त्या दिवशी लाज वाटली होती. आज जास्त वाटते. नाना माझे वडील. मी पंधरा-वीस किलोमीटरवर राहात होते, रविवारी सफरचंद घेऊन जायची, तासभर बसायची आणि साडी सावरत परत निघायची. पेला मी किती वेळा ऐकला? बोटांवर मोजावा इतका. आणि जिने तो चार वर्षं ऐकला, ती ऐकण्यात कमी पडली म्हणून मेली, असं आता लोक मला सांगतात!

भेटायला येणारे तर काय, प्रवचनंच द्यायचे. गावच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कोणीतरी तिचा फोटो टाकून खाली लिहिलं, 'इअरफोनचा मोह जिवावर बेतला.' त्याखाली हात जोडलेल्या चिन्हांची रांग. मोह म्हणे! दिवसभर वाकून मिरची खुडणाऱ्या बाईचा हा एवढाच मोह. आणि ज्याने गाडी अंगावर घातली त्याच्याबद्दल एक ओळ नाही. तीनदा हॉर्न दिला हे त्याचंच सांगणं, आणि सगळ्यांनी ते देवाच्या प्रसादासारखं घेतलं.

दहाव्यानंतर पोलिसांकडून तिच्या वस्तूंची पिशवी आली. फुटलेला मोबाईल, चेपलेला डबा, इअरफोन. दादाने इअरफोन उचलले आणि चुलीकडे निघाला. मी ते त्याच्या हातातून अक्षरशः हिसकावले.

"ते जळू दे!" तो ओरडला. "त्यासनीच मारं तिले."

"त्यांनी नाही मारलं. आणि तुला बावीस वर्षांत बायकोचा उघडा कान कोणता ते कळलं नाही, दादा!"

हे मी बोलायला नको होतं कदाचित. पण बोलले, आणि आजही परत घेत नाही.

मला काळजी होती ती पूनमची. आई गेल्यापासून पोरगी मागच्या खोलीतून बाहेर येत नव्हती. जेवत नव्हती, नाशिकला परत जायचं नाव काढत नव्हती. इअरफोन मीच दिले, मीच मारलं, असं तिच्या मनाने घेतलं आहे हे मला दिसत होतं. शेवटी परवा मी तिच्यासमोर खिडकीच्या उजेडात पांढरा कागद पसरला. डाव्याचं रबर काढलं, जाळी दाखवली. तो नेहमीचा तांबूस लगदा. मग उजवा उलटा धरून टिचकी मारली. कागदावर लाल धूळ पडली आणि जाळी लख्ख. "बघ," मी म्हटलं, "ती रस्त्याच्या डाव्या कडेने चालत होती. गाड्या उजवीकडून. तो कान उघडा होता. तुझ्या इअरफोनने काही केलेलं नाही."

पूनमने कागदावरच्या धुळीला बोट लावलं. मग मला, तिच्या आत्याला, म्हणाली, "फुई... ती गाना आयकी नही ऱ्हायंती. मन्हासंगे बोली ऱ्हायंती."

मी इअरफोन कागदावर ठेवला.

रोज सकाळी पथारीवर जायला वहिनी फाट्यापर्यंत चालायची, तेव्हा दोघी फोनवर बोलायच्या. त्या दिवशीही पूनमनेच फोन लावला होता, आणि हे तिने कोणालाच सांगितलं नव्हतं. आई गाणी ऐकत होती असं सगळे म्हणाले, तेव्हा तिने तसंच म्हणू दिलं. आपल्या फोनने आई गेली हे कोणत्या तोंडाने सांगायचं? "माय बोलनी, थांब, मांगून ट्रॅक्टर ई ऱ्हायनं, जाऊ दे त्याले," पूनम सांगत होती. "ट्रॅक्टरना आवाज मोठा व्हयना... पुढे गया. मंग ती बोलनी, हं, सांग आते. आनि मंग..."

"हॉर्न?" मी विचारलं.

"नही. एकबी नही. वाजता ते माले बी आयकू येता ना, फुई!"

म्हणजे तिने ट्रॅक्टर ऐकला होता. मागून येणारा, न बघता. ट्रॅक्टरच्या धडधडाटात पिकअपचा आवाज बुडाला असेल, पण त्यासाठीच तर गाडीला हॉर्न दिलेला असतो. मी मान वर केली तेव्हा दादा दारात उभा होता. किती वेळ उभा होता कोण जाणे. त्याने पायात चपला घातल्या आणि मोटारसायकलची किल्ली शोधू लागला. सापडेना. शेवटी आम्ही तिघं रिक्षाने पोलीस ठाण्यात गेलो.

ठाण्यातले हवालदार वाईट माणूस नव्हते, थकलेले होते. म्हणाले, ताई, पंचनामा झाला, जबाब झाले, आता कशाला? मी बरोबर आणलेली इअरफोनची आणि धुळीची पुडी उघडून डावं-उजवं समजावू लागले, तर त्यांनी घड्याळाकडे पाहिलं. माझा पारा चढला. मी बोलणार, तेवढ्यात पूनमने माझा हात दाबून मला मागे सारलं आणि टेबलाजवळ गेली. दीड महिन्यात पहिल्यांदा तिचा आवाज स्पष्ट होता.

"मला जबाब द्यायचा आहे."

"तू तिथे होतीस का?" त्यांनी विचारलं.

"हो," ती म्हणाली. "मी तिच्या डाव्या कानात होते. उजवा उघडा होता. लिहा, साहेब."