फुटलेल्या धुऱ्याचं चित्र

निवृत्तीनंतर मी जलरंगांच्या मागे लागलो आणि वर्षभरात बरेच महागडे कागद नासवले. जलरंगात चित्र पाणीच काढतं, आपण नुसता ब्रश धरून हो ला हो करायचं. तरीही बाबांची बांधी, म्हणजे त्यांचं धानाचं शेत, रंगवायला निघालो. कारण त्या पावसाळ्यात खुब्याचं हाड मोडून बाबा खाटेवर होते. धानाची रोवणी झाली होती आणि जन्मात पहिल्यांदाच ती त्यांनी पाहिली नव्हती. मोबाईलवर फोटो दाखवले, तर म्हणाले, "नुसतं चकाकून राहिलं ना बे! यात माही बांधी कुठी हाये?"

तिरोड्याजवळच्या आमच्या शेतात धुऱ्यावर, म्हणजे पाणी अडवणाऱ्या बांधावर, सतरंजी अंथरली. कागद, रंग, चहाचा थर्मास, सगळं आणलं होतं. पाणी तेवढं विसरलो. मग बांधीतलंच घेतलं. चित्रातलं आभाळ गढूळ झालं, पण धानाचा कोवळा हिरवा असा उतरला की मी स्वतःलाच शाबासकी दिली. दमट हवेत तो वाळेना. तेवढा धीर कुणाला? ओलंच चित्र मोटरसायकलला मागे उभं बांधलं.

घरी पोचेपर्यंत हिरवा रंग एका कोपऱ्यातून खाली ओघळला होता. दारात बायको म्हणाली, "आधी पाय धुवा. चिखल घेऊन कुठं चालले?" मी तसाच आत.

बाबांनी कागद डोळ्यांजवळ धरला. "परे बरे लागले," रोपांवरून बोट फिरवत म्हणाले. मी फुगलो. मग त्यांचं बोट ओघळावर थांबलं.

"इथं धुरा फुटला. पाणी सारं जाऊन राहिलं. तू काय करत होता तिथं?"

"धुरा शाबूत आहे बाबा. माझा रंग ओघळला."

"तुले काय समजते?" ते उठायला गेले. कळ आली तसे पुन्हा खाटेवर टेकले. डोळे भरून आले होते. ओघळ पुसून टाकावा, तर जलरंगात तो पुसला जात नाही.

मी खाटेशी उभा होतो. बाबांनी हात लांबवून माझ्या पोटरीवरचा ओला चिखल अंगठ्यानं निपटला, ओघळावर थापला, दोनदा दाबला.

"आता थांबलं," म्हणाले आणि निवांत डोळे मिटले.

चित्र खाटेसमोर लावलं. चिखल वाळला की थोडा झडायचा. बाबा काठी घेऊन चालू लागेपर्यंत, ते झोपले की, मी बांधीतला ओला चिखल आणून तिथं गुपचूप लावत असे.