रहिमतचाचीचे टाके

मुळीकसरांनी, म्हणजे नाथाजी मुळीकांनी, आयुष्यात चार झाडांना नावं दिली आणि त्यांतलं एकही मोठ्या माणसाच्या वाट्याला गेलं नाही. पहिलं त्यांच्या आईचं, रंगूबाईचं. दुसरं डोंगराचं. तिसरं धुळा नावाच्या धनगराचं, कारण कड्यावरची वाट त्याने दाखवली होती. सरांच्या कॉलेजच्या संस्थेच्या तेव्हाच्या अध्यक्षांनी एकदा चहा पिता पिता स्वतःचं नाव सुचवून पाहिलं, तर सर म्हणाले, "तुमच्या तोलाचं झाड अजून सापडलं नाही, साहेब." पुढे सरांची बढती सहा वर्षं का अडली, हे सांगायला ज्योतिषी नको.

चौथं नाव रहिमतबी नदाफ यांचं. त्यांना मी चाची म्हणते. मी उत्कर्षा, सरांची विद्यार्थिनी आणि आता सांगलीतल्या त्याच कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवणारी. मी तापट आहे, हे माझी पोरं तुम्हाला सांगतीलच, म्हणून मीच सांगून टाकते.

सर डोंगरातून रोपं आणायचे, वर्तमानपत्रात दाबून वाळवायचे आणि जाड कागदावर लावायचे. खाली कुठे, कधी सापडलं त्याची चिठ्ठी. असे हजारो कागद कपाटांत रचून ठेवतात, त्याला हर्बेरियम म्हणतात. गोंदाने चिकटवलं की कसर लागायची, म्हणून १९७१ साली सर एक वाळकं रोप घेऊन शमशेर नदाफच्या गादीच्या दुकानात गेले.

"किती बाय कितीची?" शमशेरने विचारलं.

"गादी नको. गवत शिवायचंय."

हा मास्तर बरा आहे ना, अशा नजरेने शमशेरने पाहिलं आणि आत बायकोला हाक मारली. असली विचित्र गिऱ्हाइकं त्या घरात तिच्याच गळ्यात पडायची. पंचविशीतल्या चाचीने रोप हातात घेतलं, उजेडाला धरलं आणि विचारलं, "ह्येचं पान कुटनं मोडतं?" सर आम्हाला नेहमी सांगायचे, एम.एस्सी.च्या एकाही शहाण्याने मला हा प्रश्न विचारला नाही.

मग तीस वर्षं चाचीने झाडं शिवली. गाद्यांचे दाभण बाजूला ठेवून तिने बारीक सुई घेतली. सुई पानातून कधी जायची नाही; दोरा देठावरून घ्यायचा आणि मागे गाठ मारायची. मी विद्यार्थिनी असताना एकदा घाईघाईत एका फुलातून सुई घातली. चाचीने माझ्या हातातून कागद काढून घेतला आणि म्हणाली, "जित्तं असतं तर बोंबललं असतं." मला वाचता येतं, तिला येत नाही, याचा मला जो काही तोरा होता तो त्या दिवशी उतरला. चिठ्ठ्या सर नंतर लावायचे. चाचीपुढे यायचं ते नुसतं रोप आणि कोरा कागद.

१९८३ च्या पावसाळ्यात सरांना पाटणजवळच्या एका सड्यावर, डोंगरमाथ्यावरच्या कातळपठारावर, वीतभर उंचीचं, निळसर फुलाचं रोप मिळालं. झाडांच्या शास्त्रीय नावात आडनाव आधी येतं आणि नाव नंतर. या रोपाचं आडनाव जुन्या घराण्याचंच राहिलं, पुढे सरांनी लावलं 'रहिमती'. ते नाव छापून आलेला शास्त्रीय मासिकाचा अंक घेऊन ते दुकानात गेले. चाचीने विचारलं, "क्येवढं हाय?" सरांनी वीत दाखवली. "मला आदी इचारलं असतं तर आंब्याला द्या म्हनलं असतं," ती म्हणाली. पण तो अंक तिने रुमालात बांधून कुराणशरीफच्या खालच्या फळीवर ठेवला. तिची सून समीना लग्न होऊन आली, तिने तर ही गोष्ट साऱ्या गल्लीला ऐकवली. लग्नाच्या मांडवात अनोळखी बाई शेजारी बसली, की अर्ध्या तासात तिला कळायचं, की आमच्या सासूबाईंच्या नावाचं झाड आहे, परदेशातल्या पुस्तकात सुद्धा.

सर २००८ साली गेले. २०१९ च्या महापुरात कृष्णेचं पाणी आमच्या हर्बेरियममध्ये शिरलं. ओले कागद आम्ही ग्रंथालयात दोऱ्या बांधून वाळवले. गोंदाने लावलेली रोपं सगळी सुटली. चाचीच्या टाक्यांतलं एक पान हललं नव्हतं. पण सरांच्या निळ्या शाईच्या चिठ्ठ्या पार धुऊन गेल्या होत्या.

त्याचा हिशोब चार वर्षांनी समोर आला. माझी जुनी विद्यार्थिनी अंकिता, लोणंदची, याच घराण्यातल्या रोपांवर संशोधन करते. तिने आमच्या कपाटातून त्या निळसर फुलाच्या रोपाचे दोन कागद शोधून काढले. दोन्ही रोपं जुळ्या बहिणींसारखी दिसतात, सरांनीही ती एकच धरली होती. अंकिताने फुलं उकळून, उघडून पाहिली आणि म्हणाली, "मॅडम, ही दोन वेगळी झाडं आहेत. एक खरंच नवीन आहे. दुसरं दीडशे वर्षांपूर्वीच कुणीतरी नोंदवलेलं आहे."

नवीन नाव देताना एकच कागद मूळ नमुना म्हणून ठरवावा लागतो. ते नाव कायमचं त्या कागदाला बांधलेलं असतं. सरांनी कागदाचा नंबर छापला होता, पण नंबर तर पुरात वाहून गेला होता. म्हणजे मूळ नमुना नवीन रोपाचा असेल, तर 'रहिमती' राहणार. जुन्या रोपाचा असेल, तर ते नाव रद्द. आणि काहीच ठरलं नाही, तर ते संशयितांच्या यादीत पडून राहणार.

"शिवणाऱ्या बाई आहेत ना अजून?" अंकिताने विचारलं.

मी दोन्ही कागद घेऊन चाचीकडे गेले. आता ती सत्त्याहत्तर वर्षांची, डाव्या डोळ्याचं ऑपरेशन झालेलं. मी मूर्खासारखं आधीच सगळं सांगून टाकलं: हा उजवीकडचा निघाला तर तुमचं नाव राहतं, डावीकडचा निघाला तर जातं. समीना चहा ठेवायचा सोडून दारात येऊन उभी राहिली.

चाचीने दोन्ही कागद पालथे केले, बोट फिरवलं आणि डावीकडच्यावर ठेवलं.

"ह्यो."

"नीट बघा, चाची. चाळीस वर्षं झालीत."

"माजा टाका मला वळकंना व्हय? ह्येचं मूळ बग."

मी पाहिलं. त्या रोपाच्या मुळाशी सात टाके होते, अगदी लागून लागून. दुसऱ्याच्या मुळाला एकच.

"सर कागद द्यायचे तवा एकाद्याला म्हनायचे, रहिमतबी, हे मूळ आहे बरं का, जपा. मग मी त्येचं मूळ जपायची. बाकीच्याला एक टाका बास."

मी तिच्याकडे पाहतच राहिले. सर मूळ नमुना म्हणत होते आणि ही बाई तीस वर्षं झाडांची मुळं जपत होती! मला हसू फुटलं. तिच्या त्या गैरसमजाने काम चोख केलं होतं, आणि डावीकडचं रोप जुनं होतं.

नंतर मी कॉलेजात जाऊन सरांच्या बाकी तिन्ही झाडांचे कागद पालथे करून पाहिले. तिन्हींवर सात-सात टाके. पण तेव्हा, त्या खोलीत, मला ते पाहायचं नव्हतं. मी काय केलं तेही सांगते, कारण लपवायला मी कुणाची लाडकी नाही. मी म्हणाले, "चाची, हे या खोलीबाहेर कुणाला माहीत नाही. उजवीकडचा म्हणा. त्यात कुणाचं नुकसान आहे?"

"व्हय की आवं, म्हना की!" समीना म्हणाली. "समद्या पाहुण्यांना सांगून बसलोय आमी."

चाची भडकली. तिला चिडलेली मी पहिल्यांदाच पाहिली. "तू सरांच्याजवळ शिकलीस नव्हं? एक पाकळी जास्त दिसली तर त्यो मानूस पुन्ना डोंगर चढायचा. त्येंच्या झाडावर मी खोटं शिवू? लाव त्या पोरीला फोन."

मी लावला नाही. तिने समीनाला लावायला सांगितला. समीनाने रडवेल्या तोंडाने स्पीकरवर लावला. चाचीने अंकिताला स्वच्छ सांगितलं, "डावीकडचा, सात टाक्याचा. नाव माजं हाय म्हनून इचार करू नगंस. खोडून टाक."

पलीकडे अंकिताने ते लिहून घेतलं. मग चाचीने विचारलं, "आनि ह्ये दुसरं? ह्येला कोन म्हनायचं?"

"त्याला अजून नावच नाही, आजी. ते नवीन द्यावं लागेल."

"मग ह्येंचंच द्या की परत," समीना पुढे झाली.

"तसं चालत नाही," अंकिता म्हणाली. "रद्द झालेलं नाव त्याच घराण्यात पुन्हा देता येत नाही. आजींचं नाव कायमचंच गेलं."

समीनाने तोंड फिरवलं. चाची मात्र त्या दुसऱ्या रोपाकडे पाहत होती. "सरांचं नाव हाय का गं एकाद्या झाडाला?"

मी म्हटलं, "नाही. आपलं नाव आपणच द्यायची रीत नाही. आणि आम्हाला कुणाला कधी सुचलं नाही." हे म्हणताना मला स्वतःची शरम वाटली. पस्तीस वर्षं मी त्या माणसाच्या जिवावर शिकवलं होतं.

"मग द्या ह्येला," चाची म्हणाली. "नाथाजी. पुरं लिवा. नाथा करू नगा."

गेल्या वर्षी अंकिताचा लेख छापून आला. मी तो घेऊन चाचीकडे गेले आणि मराठीत करून वाचून दाखवला. सरांचं नाव तिने मला दोनदा वाचायला लावलं. समीनाने या खेपेला खरोखरच चहा केला होता, तो समोर निवत होता.

"सरांना कोन सांगनार?" चाची म्हणाली.

स्वतःचं नाव खोडायला सांगताना जिचा आवाज हलला नव्हता, ती बाई पदर तोंडाला लावून रडायला लागली. मी तिची समजूत काढायला पुढे सरकले, पण मला ते जमलं नाही. मीही तिच्या शेजारी बसून रडले.