मैत्रीच्या झोपेचा तक्ता

आधीच सांगते, भुताखेतांच्या अनुभवांच्या या ग्रुपवर गेली दोन वर्षं मी फक्त वाचते. प्रत्येक अनुभवाखाली मनातल्या मनात "वारा असेल" नाहीतर "ॲसिडिटी असेल" अशी कमेंट टाकायची आणि पुढे जायचं. माझ्या माहेरी-सासरी दोन्हीकडे बावीस प्रतिज्ञा भिंतीवर आहेत. देव्हारा नाही, नजर काढणं नाही, अंगात येणं तर लांबच राहिलं. त्यात मी सॉफ्टवेअर टेस्टर. दिसलं तेवढंच लिहायचं, हे माझं काम. इथेही तसंच लिहिते आहे.

आम्ही विश्रांतवाडीला राहतो. मी, नवरा निखिल, सात वर्षांची मैत्री आणि मागच्या वर्षापासून माझे सासरे, अण्णा. अण्णा मूळचे नागपूरकडचे, पण तीस वर्षं खडकीच्या कारखान्यात तीन पाळ्यांत नोकरी केली. भाषा मात्र तिकडचीच राहिली, अजून 'ती'ला 'ते' म्हणतात. सासूबाई गेल्या तेव्हा अण्णांच्या रिटायरमेंटला चार महिने उरले होते. सासूबाई म्हणजे शांत बाई, आणि भारी झोपाळू. कुठेही पेंगायच्या. आमच्या लग्नाच्या अल्बममध्येसुद्धा एका फोटोत त्या खुर्चीवर झोपलेल्या आहेत... आम्ही त्यावरून त्यांना खूप चिडवायचो.

रिटायर झाल्यावर अण्णांना क्वार्टर सोडावं लागलं. एक पेटी घेऊन ते आमच्याकडे आले आणि मैत्रीच्या खोलीत त्यांची खाट टाकली. त्याच आठवड्यात मैत्रीची झोप गेली.

रडणं नाही, हट्ट नाही. भिंतीला टेकून, दाराकडे तोंड करून नुसती बसून राहायची. विचारलं की "झोप येत नाहीये मम्मी" एवढंच. शेजारी अण्णा मस्त घोरत असायचे. हळदीचं दूध झालं, तळपायाला तेल झालं, टीव्ही बंद करून झाला. मग एक दिवस शाळेच्या जिन्यात डोळा लागून ती पडली. हनुवटीला तीन टाके. टाके घालताना पोर टेबलावर चक्क झोपून गेली. मी तिथे उभी राहून ते बघितलं आणि ठरवलं, बास, आता औषध.

ऑफिसमधल्या एकीने मेलाटोनिन या झोपेच्या औषधाचं नाव सांगितलं होतं. मी मैत्रीच्या डॉक्टरांकडे गेले. वयस्कर, हुशार आणि तिरकस.

"नावासकट वाचून आलात? मग डोसही सांगा, मी नुसती सही करतो."

"डॉक्टर, ती दिवसा उभ्या उभ्या झोपते हो."

"कळलं. पण आईबाप सांगतात तितकी काही मुलांची झोप वाईट नसते. सहा आठवडे लिहून आणा, मग बघू."

त्यांनी एक छापील तक्ता दिला. एका दिवसाची एक ओळ, चोवीस तासांची चौकोनी घरं. मूल झोपलेलं असेल तेवढी घरं पेनाने काळी करायची. निखिलने आणि मी आळीपाळीने तिच्या खोलीत गादी टाकली आणि सहा आठवडे एकही दिवस न चुकवता तो तक्ता भरला.

एका सोमवारी मैत्रीला घेऊन गेले आणि तो डॉक्टरांपुढे ठेवला. त्यांनी तो वरपासून खालपर्यंत बोट फिरवून बघितला.

"काल एका बैठकीत भरलात का?"

"म्हणजे?"

"अहो, मूल असं शिस्तीत जागत नाही. बघा की."

मी एकेक रात्र भरत गेले होते, पूर्ण कागद एकत्र असा बघितलाच नव्हता. पहिला आठवडा रात्रभर पांढरा, झोप थेट सकाळी साडेसहाला. दुसऱ्या आठवड्यात नऊला झोप आणि रोज साडेचारला जाग. तिसऱ्यात साडेअकराच्या आधी झोप नाहीच. चौथ्यापासून पुन्हा तेच, त्याच क्रमाने. रविवारच्या रात्री तेवढ्या पूर्ण काळ्या.

मी खोटं भरलं नव्हतं, आणि ते सांगताना मला रडू फुटलं. स्वतःचाच राग आला. डॉक्टर मैत्रीच्या हनुवटीकडे बघत राहिले आणि शेवटी त्यांनी औषध लिहून दिलं. "कमी डोस, एकच महिना. आणि पुढच्या वेळी खरं लिहून आणा."

औषध घेऊन घरी आले तर अण्णा मटार सोलत बसलेले. मी कागद टेबलावर टाकला. त्यांनी चष्मा लावून तो उचलला.

"माह्या ड्युटीचा चार्ट तुले कुठं भेटला, बेटा?"

"अण्णा, तो मैत्रीच्या झोपेचा आहे."

ते हसले. मग त्यांनी ओळींवर बोट ठेवलं. "हे रविवार, सुट्टीचे. ही फर्स्ट शिफ्ट. माह्या डब्यासाठी तुही सासू साडेचारले उठे. ही सेकंड. मी पावणेअकराले घरी, मले गरम भाकर देऊन ते साडेअकराले पडे." बोट पांढऱ्या आठवड्यावर आलं आणि तिथेच थांबलं.

त्यांनी जुन्या एका सोबत्याला फोन लावला. आपली गँग या हप्त्यात कोणत्या शिफ्टला आहे, विचारलं. मला पलीकडचा आवाज ऐकू आला. "आजपासून नाईट."

अण्णांनी फोन खाली ठेवला. "नाईटले मी निघालो का ते आतून कडी लावे. मले वाटे, झोपते. सकाळी साडेसहाले आलो का चहा तयार. मी कधी इचारलंच नाही."

मटार तसेच राहिले. मला तो लग्नातला फोटो आठवला आणि लाज वाटली. मग ते म्हणाले, "आज गोळी देऊ नोको."

मला संताप आला. "अण्णा, तिच्या हनुवटीकडे बघा जरा. किती मिनतवाऱ्यांनी मिळालंय हे."

"एक रात, बेटा."

दहा वाजता मैत्री नेहमीसारखी दाराकडे तोंड करून बसली. अण्णा तिच्यासमोर जमिनीवर बसले. आम्ही दोघं बाजूला उभे होतो.

"निखिलची माय, ऐक वं. मी रिटायर झालो. क्वार्टर बी सोडलं. आता नाईट नाही. मी घरीच आहो."

मैत्रीने दारावरची नजर त्यांच्याकडे वळवली. मग माझी इंग्लिश मीडियममधली, पुण्यात जन्मलेली मुलगी म्हणाली, "मंग डबा नोको भरू?"

"नोको भरू," अण्णा म्हणाले.

ती आडवी झाली आणि झोपली. सकाळी सातला मला तिला हलवून उठवावं लागलं.

याला तीन महिने झाले. मैत्री छान झोपते, तिला यातलं काही आठवत नाही. औषध फ्रीजच्या दारात तसंच पडून आहे. डॉक्टर म्हणाले, "लागू पडलं ना? उगाच रडत होतात." मी हो म्हटलं. म्हणजे त्यांना खोटं सांगितलं ते पहिल्यांदा तेव्हा.

निखिल म्हणतो, तिने आजी-आजोबांचं बोलणं ऐकलं असेल. असेलही. पण मैत्री क्वार्टरवर एकदाही रात्री राहिलेली नाही. आणि पांढऱ्या आठवड्याचं काय? ते तर अण्णांनाही माहीत नव्हतं, तिला कोण सांगणार?

आता अण्णा झोपत नाहीत. रोज नाही, तीन आठवड्यांतून एक आठवडा. हॉलमध्ये दाराकडे तोंड करून खुर्चीवर बसतात. डॉक्टरकडे न्यायचं म्हणून मी त्यांचाही तक्ता भरला. दाखवला तर म्हणाले, "ते इतकी वर्सं जागली, बेटा. मले काई दिवस जागू दे."

तक्ता घडी घालून पर्समध्ये ठेवला आहे. डॉक्टरांना काय सांगायचं, ते अजून ठरत नाहीये.