रेघा उगवेपर्यंत

"हिला बोटंच नाहीत. पुढचा पेशंट घ्या."

दवाखान्याचे मोठे साहेब असं म्हणाले आणि हॉल हसला. फीत कापायला आलेले पाहुणे हसले. गुच्छ घेऊन उभे होते ते हसले. कॅमेरावाला हसला. रांगेतली आमच्यासारखी माणसंही हसली, ते जास्त लागलं. माझी आई खिडकीसमोरच्या खुर्चीवर बसली होती आणि तिची सगळी बोटं काचेपुढं पसरलेली होती.

सोलापुरातला तो मोठा दवाखाना त्या दिवशी डिजिटल होत होता. देशभर दवाखाने डिजिटल करायचा कार्यक्रम आहे, असं माईकवरून सांगत होते. आता कागद नाही, रांग नाही, केसपेपर हरवायची भीती नाही. बोट ठेवा, कार्ड उघडेल, उपचार सुरू. मागच्या फलकावर एक म्हातारी हसत अंगठा दाखवत होती. गोरीपान, मऊ हातांची. तिनं जन्मात कधी विडी वळली नसणार.

पाहुण्यांना करून दाखवायला एक पेशंट हवा होता. रांगेत आई पहिली होती. तिच्या गळ्यात गाठ आली होती. आतल्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, लवकर काढायला हवी, भरती व्हा. भरती व्हायला कार्ड उघडायला हवं. कार्ड वडिलांच्या फोनला जोडलेलं, ओटीपी त्यावर यायचा. वडील गेले, फोनही गेला. मग उरलं बोट.

आईनं अंगठा ठेवला. मशीन लाल. तर्जनी ठेवली. लाल. दुसरा हात. लाल.

"हात धुवून आणा," खिडकीतला ऑपरेटर म्हणाला. "असले पिवळे हात काचेवर लावू नका."

आई उठली. पाहुणे घड्याळ बघत होते. तिनं नळावर हात धुतले, साबण नव्हता म्हणून भिंतीच्या कडेला बोटं घासली. पदराला पुसत परत आली. लाल.

आणि मग आई बोलली. बोलली नसती तर बरं झालं असतं, असं मला कितीदा वाटलं. रेशनच्या दुकानात तिचा अंगठा लागत नसे, तेव्हा दुकानदार माझा घ्यायचा. घरातलं कुणाचंही बोट तिथं चालतं. तिला वाटलं, सरकारचं मशीन म्हणजे सगळीकडं एकच. ती भाबडेपणानं म्हणाली, "माझं लागंना तर लेकीचं घ्या की सायेब. रेशनला चालतंय."

"वा! ऑपरेशनपण लेकीचंच करायचं का?" साहेब म्हणाले. आणि मग बोटांबद्दलचं ते वाक्य.

आईसुद्धा हसली. तिला वाटलं, सगळे हसतात तर आपणही हसावं. ते हसू तोंडावर तसंच राहिलं आणि हात हळूच पदराआड गेले. आम्हाला बाजूला घेतलं. पुढच्या पेशंटचं बोट लागलं. टाळ्या वाजल्या. फोटो निघाला.

मी काय केलं? काही नाही. मी आईचा हात धरून बाहेर आले.

आई लग्न होऊन वळसंगहून सोलापुरात आली आणि मांडीवर सूप घेऊन विड्या वळायला बसली, ती बसलीच. भिजवलेलं पान कात्रीनं कापायचं, तंबाखू भरायची, चिमटीत गुंडाळायचं, दोरा बांधायचा. पान खरखरीत, तंबाखू तिखट. दोघं मिळून बोटाची कातडी खातात. आमच्या गल्लीतल्या बायकांच्या बोटांची टोकं गुळगुळीत असतात. आम्हाला त्याचं कधी नवल वाटलं नाही. कारखान्यात विड्या बाद व्हायच्या. बाई बाद होते, हे आम्हाला दवाखान्यात कळलं.

शेजारच्या लक्ष्मक्कानं तोड काढली. तीही आईच्याच कारखान्याची, माहेरची तेलुगू, पण आमच्यापेक्षा मराठी जोरात. ती म्हणाली, "इडी वळायची सोड थोडे दिवस. तेल लाव. रेघा परत येतात. माझ्या नणंदेच्या आल्या की."

ते खरं होतं. गल्लीत सगळ्यांना माहीत होतं. लेक बाळंतपणाला माहेरी आली, हाताला आराम मिळाला, की तिचा अंगठा रेशनला लागायला लागतो. म्हणून आईनं ठरवलं, रेघा उगवल्या की जायचं.

मी म्हटलं, "आई, तसंच जाऊ. उद्याच जाऊ. कुणीतरी दुसरा असेल खिडकीत."

"परत तसं हसत्याल. मला न्हाई सोसायचं."

"गाठ वाढतीय गं."

"वाढू दे. पर हिला बोटं न्हाईत म्हणू देणार न्हाई मी."

मी हट्ट केला, रडले, भांडले. ती आपल्या जागी ठाम. अख्खं आयुष्य ज्या बाईनं कारखान्यात विड्या तपासणाऱ्या चेकरची बोलणी ऐकली, शेठचं ऐकलं, नवऱ्याचं ऐकलं, तिला ते एक हसणं गिळता आलं नाही. गळ्यात गाठ होती आणि त्या गाठीच्याही वर ते हसणं अडकलं होतं.

मग आमच्या घरात रेघांची शेती सुरू झाली. आईनं भांडी घासायची नाहीत, कपडे धुवायचे नाहीत, चुलीजवळ जायचं नाही. बोटांना खोबरेल तेल. तिचं सूप मी घेतलं. ती भिंतीला टेकून बसायची, हात मांडीवर उताणे, अंगणात धान्य वाळत घातल्यासारखे. कधी हात रिकामे न राहिलेली बाई. बसल्या बसल्या तिची बोटं आपोआप हलायची, नसलेलं पान गुंडाळायची. मी ओरडायचे, "आई, हात!" ती दचकून थांबायची.

सकाळी उन्हं उंबऱ्यावर आली की हात पुढं करायची.

"दिसत्यात का गं?"

मी डोळ्यांजवळ नेऊन बघायचे. "येतायत." कधी खरं सांगायचे, कधी खोटं. आवाज बसत चालला होता तिचा. भाकरी सुटली, मग भात सुटला, पेज राहिली. बोटं मात्र सुधारत होती. देवा, काय ती बोटं सुधारत होती! आधी कडेला बारीक खरबरीत काही दिसायला लागलं, मग एक वळण, मग त्याच्या आत दुसरं. लक्ष्मक्काला बोलावून तिनं अंगठा दाखवला. एखाद्या पोरीनं नवी अंगठी दाखवावी तसा.

आम्ही परत गेलो. तीच खिडकी, तोच ऑपरेटर. आईनं अंगठा ठेवला आणि डोळे मिटले.

हिरवं.

"लागलं व्हय?" तिचा आवाज फुटत नव्हता. मी म्हटलं, लागलं. ती माझ्याकडं बघून हसली. खरं हसली. हे तिचं शेवटचं हसू असेल असं वाटलं नव्हतं.

आत बोलावेपर्यंत आम्ही तिथंच बाकावर बसलो. आमच्यामागं एक बाई होत्या. इस्त्रीची साडी, चष्मा, बरोबर मुलगा. त्यांनी बोट ठेवलं. लाल. दुसरं ठेवलं. लाल. मला वाटलं, आता त्यांनाही नळावर पाठवणार. ऑपरेटर उभा राहिला. खुर्ची पुढं सरकवली.

"बसा मॅडम. वयानं होतं असं. चेहऱ्यावरून करू."

त्यानं छोटा कॅमेरा त्यांच्याकडं वळवला. त्यांनी डोळ्यांची उघडझाप केली. हिरवं. त्या आत गेल्यासुद्धा.

तो कॅमेरा पहिल्या दिवशीही तिथंच होता, हार घातलेल्या मशीनशेजारी. मी पाहिला होता. कशासाठी आहे, ते आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. आईनंही तो कॅमेरा पाहिला, ती बाई पाहिली. मग ती आपल्या अंगठ्याकडं बघत राहिली, कितीतरी वेळ.

आत डॉक्टर नवे होते. त्यांनी गळा दाबून बघितला, गळ्याचे काढलेले फोटो बघितले आणि कॉम्प्युटरकडं वळले. टाइप करता करता म्हणाले, "एवढी पसरेपर्यंत काय करत होता? तुम्हा लोकांना जागच येत नाही. आता ऑपरेशन होणार नाही."

"काय लिहिताय?" मी विचारलं.

"पेशंट उशिरा आली."

"खोडा ते."

त्यांनी पहिल्यांदा आमच्याकडं बघितलं.

"ती वेळेवर आली होती," मी म्हटलं. "याच दवाखान्यात, फीत कापली त्या दिवशी. रांगेत पहिली होती. तुमच्या माणसांनी तिला खुर्चीवरून उठवलं, बोटं नाहीत म्हणून हसले आणि घरी पाठवलं. कॅमेरा शेजारी होता. तो तिच्यावर कुणी धरला नाही. आली होती, परत लावली, असं लिहा."

"बाई, ही सिस्टीम आहे. यात कारणं लिहायला जागा नसते."

"'उशिरा'ला जागा आहे ना?"

आईनं माझा पदर ओढला. "गप गं. दवाखाना हाय त्यांचा." जन्मभर तिनं मला असंच गप केलं आणि मी झाले. त्या दिवशी मी तिचा हात पदरावरून सोडवला, आणि तो त्यांच्या टेबलावर, कीबोर्डच्या शेजारी ठेवला. म्हटलं, "हा हात बघा. तंबाखूनं खाल्लेला हात आहे, घाण नाही. हिनं तुमच्या मशीनसाठी रेघा उगवल्या. गाठ त्याच वेळात वाढली. आता तिला उशीर म्हणू नका."

बाहेरून शिपाई आला, आम्हाला उठवायला. डॉक्टरांनी ते वाक्य खोडलं नाही. आजही ते तिथंच असेल, आईच्या नावापुढं, कधी न हरवणारं.

आई घरीच वारली. तिला न्हाऊ घालताना मी तिचे हात धुतले. अंगठ्यावर सगळ्या रेघा होत्या, स्पष्ट, एकात एक. इतक्या सुंदर रेघा मी कुणाच्या पाहिल्या नाहीत.

तिचं सूप आता माझ्या मांडीवर आहे. मध्यंतरी लक्ष्मक्काच्या डोळ्यांसाठी मी त्याच खिडकीवर गेले. तिचं बोट लागलं नाही. ऑपरेटर म्हणाला, "हात धुवून आणा." लक्ष्मक्का उठायला लागली. मी तिला खांदा धरून खाली बसवलं.

"हात स्वच्छ आहेत. कॅमेरा वळव."

"त्याला साहेबांची परवानगी लागते."

"आण. आम्ही इथंच बसलोय."

रांग खोळंबली. मागची माणसं चिडली. आम्ही उठलो नाही. शेवटी त्यानं कॅमेरा वळवला.

माझ्याही बोटांच्या रेघा गेल्यात. कधीतरी मलाही त्या खुर्चीवर बसावं लागेल. मी नळावर जाणार नाही. तेल लावून भिंतीला टेकणार नाही. हात पदराआड घेणार नाही. आणि कुणी हसलंच, तर मी हसणार नाही.